खुब्याचं हाड

एल्दार सगळ्यांच्या हातांवर पाणी घालत घालत उल्कानपाशी आला, तेव्हा तिने डावा हात तेवढा पुढे केला.

"आणि उजवा, आपा?"

"एवढ्यावर भागतं माझं. घाल तू."

त्याने घातलं. उजवा हात तिच्या मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा. नान मोडायचा तर डाव्या हाताने, शालीची गाठ मारायची तर दातांनी. जिल्ह्याच्या डॉक्टरने तो हात वर-खाली करून पाहिला आणि म्हणाला, आपा, हे गाईंचं दूध काढून होतं, इथल्या सगळ्याच बायकांना होतं. लढाईतलं म्हणत असाल तर डोळ्यांनी पाहिलेला माणूस आणा, मग बिश्केकला लष्करी इस्पितळात खांदा उघडतील. उशीर केलात तर बोटंही जातील.

पाहिलेला माणूस समोरच बसला होता. दारासमोरच्या मानाच्या जागेवर, छातीवर पदकं लावून. तुर्दुबेक, एल्दारचा बाप. अफगाणिस्तानातून सोव्हिएत फौज परतली त्या तारखेला किर्गिझस्तानातल्या या नारीनमधले जुने सैनिक दर फेब्रुवारीत असे जेवायला जमत, आणि दर फेब्रुवारीत तुर्दुबेक तीच गोष्ट सांगे. मांडीत गोळी, वरून गोळ्यांचा मारा, आणि आपण ओढ्याच्या कोरड्या पात्रातून एकटे सरपटत गाडीपर्यंत कसे पोचलो. एल्दारला ती तोंडपाठ होती.

उल्कान मात्र या जेवणाला आजवर आलीच नव्हती. तिकडे नर्स म्हणून गेलेल्या पोरींबद्दल गाव काय काय बोललं, ते ऐकून तिने आपलं पदक पेटीच्या तळाशी टाकलं आणि तोंडाला कुलूप लावलं. आज ती हातासाठी आली होती. मघाशी कोट अडकवताना तिने तुर्दुबेकला गाठलंही.

"सोमवारी डॉक्टरकडे येशील? एवढंच सांगायचं, तुला बांधलेला पट्टा माझ्या या खांद्यात रुतला होता."

"आज नको गं हे. पोरं-नातवंडं आलीत."

"आज कुठे म्हणतेय? सोमवारी."

"इतकी वर्षं झाली, उल्कान. कशाला उकरायचं? लोक तुलाच नावं ठेवतील."

"ती ठेवून झाली," ती म्हणाली. पण तोवर तो आत गेला होता.

आता मटणाचं ताट आलं. कुणाला कुठलं हाड द्यायचं, हे इथे ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे ठरलेलं असतं. खुब्याचं हाड सगळ्यांत मानाच्या पुरुषाचं. एल्दारने ते बापापुढे ठेवलं. शेपटीकडचं वयस्कर बाईचं. ते घेऊन तो उल्कानपुढे वाकला. सैनिकांच्या पंगतीत बाई म्हणजे कुणाची तरी बायको, नाहीतर विधवा. त्याने आपलं अदबीनेच विचारलं, "आपा, आपण आमच्या कुठल्या काकांच्या घरच्या?"

"कुणाच्याच नाही, बाळा. माझी मीच आले."

कुणीतरी उगाच खोकलं. उल्कानला राग यायला हवा होता, पण नुसता थकवा आला. रागवायलासुद्धा अंगात काही शिल्लक लागतं. चार घास खावेत, कोट चढवावा आणि घरी जावं. कोट चढवायलाही कुणीतरी धरायला लागणारच होतं.

"एल्दार," तुर्दुबेक म्हणाला, "चुकलास तू. ते हाड तिचं नव्हे."

स्वतःपुढचं खुब्याचं हाड उचलून तो गुडघ्यावर जोर देत उठला, लंगडत पंगतीच्या टोकाशी आला आणि दोन्ही हातांनी ते तिच्यापुढे धरलं. बाईला खुब्याचं हाड म्हटल्यावर दोघं-तिघं हसले. म्हाताऱ्याला चढली असावी. उल्कानने डावा हात पुढे केला आणि हसणं थांबलं. मानाचं हाड डाव्या हाताने घेणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणंच.

"उजव्या हाताने, आपा," एल्दार कुजबुजला.

"उचलत नाही रे तो." मग ती तुर्दुबेककडे वळली. "हाड घेऊन मी काय करू? मला सोमवार हवाय."

तुर्दुबेक तिथेच, दाराजवळ, तिच्या शेजारी खाली बसला. खिशातली सुरी काढून हाडावरचं मटण कापायला लागला आणि बारीक तुकडे तिच्या डाव्या हाताशी सरकवत राहिला. चारचौघांत बाईसाठी मटण कापणारा पुरुष नारीनमध्ये कुणी पाहिला नव्हता. त्याने मान काही वर केली नाही.

"एल्दार, सोमवारी गाडी काढ. डॉक्टरकडे जायचंय."

"का, बाबा? पाय दुखतोय?"

"मी सरपटत आलो म्हणून सांगतो ना तुम्हाला," तुर्दुबेक म्हणाला. "सरपटत ही होती. मी हिच्या पाठीवर होतो."