मृत रोपे : एकशे वीस

"दर वर्षी बाराशे कलमं, आणि दर वर्षी एकशे वीस मेली," अश्लेषा तेंडोलकर म्हणाल्या. चार वर्षांची चार रजिस्टरं त्यांनी टेबलावर एकाच पानाशी उघडून ठेवली होती. "एक कमी नाही, एक जास्त नाही."

"दहा टक्के मेली तरी सूट आहे, मॅडम," प्लासिड तुस्कानो म्हणाले.

"ती मला माहीत आहे. झाडांनाही माहीत आहे, हे आज कळलं."

"सरकारी झाडं आहेत. नियमात राहतात."

तेंडोलकर हसल्या नाहीत. सकाळपासून त्या सरकारी रोपवाटिकेच्या फिरत्या निधीचे हिशेब तपासत होत्या. आंब्याची कलमं विकायची, आलेले पैसे निधीत भरायचे, त्यातूनच पुढच्या वर्षीची माती, खत, पिशव्या घ्यायच्या. पैशांचा ताळा रुपयापर्यंत जमला होता. अडलं होतं ते मेलेल्या कलमांच्या रकान्यात. रोपवाटिका सांभाळणारे तुस्कानो या महिन्याच्या एकतीस तारखेला निवृत्त होणार होते. त्यांच्याकडे निधीचं काही येणं नाही, असा दाखला तेंडोलकरांनी दिला तरच पेन्शनचे कागद पुढे सरकणार होते.

"मेलेली कलमं तपासणी होईपर्यंत टाकायची नसतात," त्या म्हणाल्या. "चारशे ऐंशी. कुठे आहेत?"

तुस्कानोंनी चष्मा काढून पुसला.

"दाखवलीत तर मुद्दा संपला. नाही दाखवलीत तर ती बाहेर विकली आणि मेली म्हणून लिहिली, असं मला धरावं लागेल. नव्वद रुपयांनी त्रेचाळीस हजार दोनशे होतात. रक्कम मोठी नाही. शब्द मोठा आहे."

"कुठला?"

"अपहार."

दारात लतिका येऊन उभी राहिली. गास गावची. सहा वर्षं इथे रोजंदारीवर होती. पायाला चिखल, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"काका, मागच्यांना पानी सोडू?"

"आज नको."

"काल पन नको बोललात. किती ऊन हाय."

"लतिका, जा तू."

तेंडोलकरांनी पेनला टोपण लावलं. "मागच्यांना म्हणजे?"

त्या उठल्या आणि लतिकाच्या मागोमाग चालू लागल्या.

शेडच्या मागे, कुंपणापर्यंत, चार रांगा होत्या. सगळ्यात अलीकडची गुडघ्याएवढी, दुसरी कमरेएवढी, तिसरी छातीला लागणारी. कुंपणालगतची चौथी तेंडोलकरांच्या डोक्याच्या वर गेली होती. प्रत्येकाच्या बुडाशी काळी पिशवी. शेवटच्या रांगेतल्या पिशव्या चिरून त्यांच्या चिंध्या झाल्या होत्या.

"ही कुठली?"

"मेलेली," तुस्कानो म्हणाले.

त्यांनी एक हिरवं पान बोटांत धरून पाहिलं.

"पाच वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या वादळात पाचशे गेली, मॅडम. फोटो पाठवले, तीन पत्रं पाठवली. वरून निरोप आला, दहा टक्क्यांत बसवा. उरलेल्या तीनशे ऐंशीचे पैसे माझ्या पगारातून कापले. पुढच्या वर्षी तीसच मेली. मी एकशे वीस लिहिली, वाळलेली तीस शेडमध्ये टाकली आणि वाचलेली इथे ठेवली. परत वादळ आलं तर गेलेल्यांच्या जागी मांडता येतील म्हणून."

"मग?"

"वादळ आलंच नाही."

"आणि दर वर्षी हेच केलंत."

"दर वर्षी मे महिना येतो ना."

तेंडोलकर रांगेच्या कडेने टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. बोटांवर काहीतरी मोजत होत्या, मधेच त्यांनी सोडून दिलं.

"एकही विकलं नाहीत?"

"विकलं नाही, कुणाला दिलं नाही. पापडी गावात माझी स्वतःची वाडी अर्धी मोकळी आहे. तिथेही नेलं नाही."

"नेलं असतंत तर बरं झालं असतं. वसुली लावून मोकळी झाले असते," त्या म्हणाल्या. "ही जिवंत म्हणून लिहिली, तर चारही रजिस्टरं खोटी. प्रत्येक पानावर सही तुमची. चौकशी लागली की दोन वर्षं तरी पेन्शन विसरा. नाहीतच असं लिहिलं, तर अपहार."

"माझ्या घरी तीन माणसं आहेत, मॅडम. कमावणारा मी एकटा."

फाटकापाशी त्यांची रिक्षा थांबली होती. रिक्षावाल्याने एकदा हॉर्न वाजवला. तेंडोलकरांनी पर्स खांद्याला लावली. झाडांकडे पाठ करून त्या बोलल्या.

"तुस्कानो, मी आज शेडच्या मागे आलेले नाही. मोजणी सोमवारी साडेदहाला. इथे वाळलेली कलमं दिसली, तर तुमचं रजिस्टर बरोबर आहे. दाखला तिथेच देईन."

रिक्षा गेली. लतिका नळाशी पाइप जोडत होती.

"पाणी सोडू नको," तुस्कानो म्हणाले.

"आज नको?"

"आता कधीच नको."

ती पाइप हातात धरून तशीच उभी राहिली. तुस्कानो कुंपणालगतच्या रांगेकडे गेले. पहिल्या झाडापुढे वाकले, बुंधा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. मग गुडघ्यावर बसून पुन्हा ओढला. पिशवीची चिंधी हातात आली. झाड जागचं हललं नाही.

"ते नाय यायचं, काका," लतिका म्हणाली. "त्याच्या मुळांना खाली पानी लागलंय. दोन वर्सं झाली, त्या रांगेला मी पानीच घालत नाय."