मेंढपाळाची बायको

नवरा-बायकोला जगातली कोणतीही सत्ता वेगळं करू शकत नाही, असं सांगून कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सौदी मालकाने, बायकोला इथेच ठेवण्याचा लियाकतचा अर्ज परत केला. व्हिजिट व्हिसावर आलेल्या त्याच्या बायकोला, इस्मतला, आता चार दिवसांत जेद्दा सोडायचं होतं. कारण लियाकतच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, धंदा होता मेंढपाळ, आणि मेंढपाळाला बायको कायमची आणता येत नाही.

“मेंढपाळ तुम्हीच लिहिलंत. अकरा वर्षं मी इथे एसी दुरुस्त करतोय, एक मेंढी पाहिली नाही.”

“त्याचा व्हिसा लवकर मिळतो. बायकोला कागदावर माझी मोलकरीण दाखवू, आठवड्यात इकामा.”

लियाकतने अर्ज फाडून त्याच्यासमोर टाकला. “निकाह मी केलाय. ती तुमची मोलकरीण होणार नाही.”

“बरं,” कफील म्हणाला. “जाताना वरचा एसी तेवढा बघून जा. कालपासून गार करत नाही.”