गुड फ्रायडेचा कापिरोतादा

तळणाचा डबा जागेवर ठेवताना मिकाएलाच्या बोटाला काहीतरी लागलं. तिने ते सहज चाटलं, मग पुन्हा एकदा नीट चाखून पाहिलं. लोणी नव्हतं ते. डुकराची चरबी होती.

पावाचे सगळे काप त्यातच तळून झाले होते. त्यावर दालचिनी-लवंगा घातलेला गुळाचा पाक, चीज, शेंगदाणे, बेदाणे, असे थरावर थर चढून कापिरोतादा भट्टीतून बाहेरही आला होता. आणि दिवस कुठला, तर गुड फ्रायडे. त्या दिवशी गावात कुणी मांसाला शिवत नाही. सासूबाई ओतिलिया तर चरबीचा वास आला तरी छातीवर क्रूसाची खूण करणाऱ्या. नवा पाव आणावा, तर बेकऱ्या बंद.

लग्न होऊन आल्यापासून या दिवशी तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलेलं नव्हतं. यंदा म्हातारीचं मनगट मोडलं, म्हणून नाइलाजाने झारा हिच्या हाती आला होता, तोही "बघू काय दिवे लावतेस" या आशीर्वादासकट. आणि पहिल्याच वर्षी बिचारीने माती खाल्ली.

ती काही ठरवायच्या आत ओतिलियाबाई स्वतःच वाटी घेऊन आल्या. डाव्या हाताने त्यांनी चमचाभर वाढून घेतला, तोंडात घातला. मग आणखी एक. मग खुर्ची ओढून बसल्याच.

"पोरी, अगदी माझ्या हातची चव उतरलीय गं यात," त्या म्हणाल्या.

या घरात आल्यापासूनचं पहिलं कौतुक. गप्प राहिली असती, तर जन्मभर पुरलं असतं. पण म्हातारी आपल्या भरवशावर व्रत मोडतेय, हे मिकाएलाला बघवेना.

"खाऊ नका, आई. डबा चुकला माझा. पाव चरबीत तळलाय."

सासूबाईंचा चमचा हवेतच राहिला. त्यांनी आधी अंगणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"दार लाव."

मिकाएलाने कडी घातली. आता काय ऐकावं लागणार, म्हणून ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"डबा बरोबरच होता," म्हातारीने आवाज खाली आणला आणि रिकामी वाटी पुढे केली. "मी एकदाच लोण्यात केला होता. तेव्हा फादर म्हणाले, ओतिलियाबाई, यंदा हात बिघडला तुमचा."