एकदम मीठुं

बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यातल्या एका गावात पिण्याच्या पाण्याची नवी बोअर कुठे घ्यायची, ते बाबा ठरवणार होते आणि शाळेला सुट्टी म्हणून मीही जीपमध्ये चढले होते. सरपंच धनजीभाईंनी आम्हाला थेट स्वतःच्या शेतात नेलं. "सरकारने हीच जमीन घ्यावी, साहेब. पाणी एकदम मीठुं!"

मीठुं म्हणजे गोड, हे बडोद्याच्या मराठी पोरीला कोणी शिकवावं लागत नाही. पण मला काही पटेना. हल्ली कारखानेवाले इकडच्या जमिनी धडाधड विकत घेतायत, मग ही एवढीच कशी उरली? आणि पाणी इतकं गोड, तर धनजीभाईंची सून शेजारच्या गावातून हंडा भरून का आणतेय?

बाबा चुन्याची खूण करायला वाकले, तशी मी तिला गाठून सरळ विचारलंच, "भाभी, खरंच मीठुं आहे?"

तिने सासऱ्यांकडे पाहिलं, पदर आणखी पुढे ओढला आणि हळूच म्हणाली, "एकदम मीठुं, बेन. डाळीत वेगळं मीठ घालावंच लागत नाही."