बापाला विचारलं होतं का

उखर्डूनाना ओट्यावर कापसातला काडीकचरा निवडत होते. रविवार म्हणून त्यांची लेक प्रमिला, धुळ्याच्या शाळेतली मास्तरीण, गावी आली होती. येताना तिने वर्तमानपत्र आणलं होतं.

"वाच," नाना म्हणाले.

तिने वाचलं. आफ्रिकेतल्या काँगोत माणसं आपसांत लढत आहेत. लोकसभेत त्यावर दोन दिवस चर्चा झाली. सभागृहाने हिंसाचाराबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली. तिथे शांतता राखायला गेलेली आपली माणसं मात्र तूर्त परत बोलवायची नाहीत, असं सरकारने सांगितलं.

त्या माणसांत तिचा धाकटा भाऊ अभिमन होता. लष्करी दवाखान्यात, जखमींना उचलायला.

"भाऊबंद लढतस. त्यास्ना मझार आपला पोऱ्या कसाले?"

"जखमा बांधाले, नाना."

"कोन्या? ह्यास्न्या का त्यास्न्या?"

"दोन्हीस्न्या."

नानांनी कापसातली एक काडी काढून टाकली. "मंग त्याले मारतीन कोन? दोन्ही?"

प्रमिलाने बातमी पुन्हा वरून वाचली. त्यात तसं काही नव्हतं.

"लोकसभामा येक तरी बोलना का, की पोऱ्या लई जावाना पहिले बापले इचारं व्हतं का? मी तं हां म्हनेल नही."

"इतलं बठ्ठं छापतस नही," म्हणत तिने पान उलटलं.

सोमवारी दुपारी नाना कापसाच्या शेतात बांधाला टेकून बसले, ते उठले नाहीत. प्रमिलाला निरोप शाळेत मिळाला. अग्नी पुतण्याने दिला.

तिसऱ्या दिवशी दुखवट्याला दारावर माणसं आली. ओट्यावर बसून आधी कापसाचं बोलली. नानांचे थोरले चुलतभाऊ तोतारामआबा शेवटी म्हणाले, "अभिमनले तार गई?"

"गई. येता येवाव नही म्हनतस," प्रमिला म्हणाली.

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "त्या दिल्लीमा बसीसन ठराव करतस. आपले येत नही का? लिख, बेटा. आमना भाऊना पोऱ्या तुम्ही बापले न इचारता लई गयात, त्याले परत धाडा. आम्ही बठ्ठा अंगठा देतस."

"लिख, लिख," ओट्यावरून आवाज आले. कुणीतरी पाटलाकडून शाईची गादी आणली. आबांनी अंगठा शाईत दाबला आणि कागदाची वाट पाहत हवेत धरला.

प्रमिला उंबऱ्यात उभी होती. कागदावर तिने एवढंच लिहिलं होतं: लोकसभेस विनंती.

"आबा, सरकारनी इचारेल व्हतं," ती म्हणाली. "अभिमन सतरानाच व्हता, म्हनीसन बापनी परवानगीना कागद घर उना व्हता."

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"त्यावर अंगठा नानाना नव्हता. मना व्हता."