पुसट खूण

"आजोबा, आता उठून बसा. थोडं पुढे वाका. दिसते का खूण?" सिस्टरने विचारलं.

आजोबा पलंगावर सदरा वर धरून बसले होते. बेंबीच्या डावीकडे सिस्टरने नुकतंच काळ्या पेनाने वर्तुळ काढलं होतं. उद्या मोठ्या आतड्यातली गाठ काढल्यावर डॉक्टर आतड्याचं तोंड तिथे बाहेर आणणार होते. त्यावर शौचाची पिशवी लावायची. आता जन्मभर.

त्यांनी मान खाली घातली. पोटाच्या जागी धुकं होतं. नजरेच्या मधोमध जे येईल ते हल्ली पुसलं जायचं आणि कडा तेवढ्या उरायच्या. बायकोचा चेहरा असाच गेला होता. केस आणि खांदे राहिले होते.

पाठीवर आजींचं बोट टेकलं. म्हणजे, हो म्हणा.

"दिसते की. चांगली नाण्याएवढी आहे," आजोबा म्हणाले. पेन कातडीवरून कसं फिरलं ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

"छान. पिशवी घरी तुम्हालाच बदलायची आहे. त्याला नजर लागते. नाहीतर नजर असलेलं माणूस लागतं."

"माणूस आहे की," आजी म्हणाल्या. "मी काय इथे शोभेला उभी आहे?"

सिस्टर हसली. आजोबांनी श्वास सोडला.

मुलीने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. सिस्टर म्हणाल्या की दोघांना जमतंय, तर खुशाल घरी जा. नाही म्हणाल्या, तर आई माझ्याकडे येईल आणि बाबांना संस्थेत ठेवू. दोघांना ठेवायला माझ्याकडे जागा नाही गं, रागावू नकोस. बोलताना ती रडत होती, त्यामुळे तिच्यावर रागावताही आलं नाही.

फोन ठेवून आजी म्हणाल्या होत्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमच्या डोळ्यांचं कुणाला कळता कामा नये. हात तुमचे, डोळे माझे. झालं तर मग!"

हातांची आजोबांना काळजी नव्हती. त्यांचा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला होता. सिस्टरने सरावासाठी पिशवीची चिकट चकती दिली, तेव्हा त्यांनी बोटाने मधला भाग चाचपला आणि भोक पाडायला कात्री चालवली.

"गोल झालंय का गं?"

"चंद्रासारखं."

सिस्टरने नकारार्थी मान हलवली. आजी तशाच हसऱ्या चेहऱ्याने उभ्या राहिल्या. "बरोबर आहे ना, सिस्टर?"

"एका बाजूला जास्त कापलंय, आजी."

"तेच म्हणणार होते मी."

"आत्ता तर चंद्र म्हणालीस!" आजोबा म्हणाले.

"चंद्रालाही डाग असतो."

दुसरी चकती नीट कापली गेली. सिस्टरने आजींचा हात धरून ती कशी दाबायची ते शिकवलं. तसा आग्रह आजींचाच होता. नुसतं बघून आपल्या डोक्यात शिरत नाही, म्हणाल्या. "जमेल तुम्हाला," असं सिस्टर अखेर म्हणाली तेव्हा आजोबांना हसावं की रडावं ते कळेना.

संध्याकाळी दोघं हातात हात घालून व्हरांड्यात भिंतीकडेने चालले. फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून डॉक्टरांनीच चालायला सांगितलं होतं.

"सोडा की हात, आजी," शेजारच्या खाटेवरचा पेशंट ओरडला. "पळून नाही जात ते!"

"कुणी सांगावं? पुरुषाची जात."

परतल्यावर आजींनी पेपर उघडला आणि नेहमीसारखा वाचून दाखवला. महागाई वाढली होती. पुढाऱ्यांची भांडणं चालू होती.

"कालचाच पेपर दिसतोय," आजोबा म्हणाले.

"रोजचाच आहे."

आजोबांनी पोटावर हात ठेवला. "या वयात पोट फाडायचं," ते म्हणाले. "उठलोच नाही तर?"

"उठाल. मी डोळ्यांत तेल घालून बसते."

सकाळी अंघोळ करताना मात्र त्यांना घाम फुटला. साबण लावताना हात खुणेवरून गेला होता. सिस्टरने बजावलं होतं की खूण गेली तर डॉक्टरांना जागा अंदाजाने ठरवावी लागेल. जागा घडीत आली की पिशवी टिकत नाही, सारखी गळते. पेन देऊन ठेवलं होतं, पुसट झाली तर त्याच रेषेवर गिरवा म्हणून.

"अगं, बघ बरं. गेली का?" पायजमा चढवून खाटेवर बसताच त्यांनी विचारलं.

आजींची बोटं पोटावरून फिरली.

"पुसट झालीय जराशी. हलू नका, गिरवते."

पेनाचं गार टोक टेकलं.

"इतकी खाली होती?"

"पोट सुटलंय तुमचं. बसलात की सगळंच खाली येतं."

ज्याला स्वतःचं पोट दिसत नाही त्याने वाद काय घालायचा?

ट्रॉली आली. त्यांनी चष्मा काढून आजींच्या हातात दिला. तो तसाही दाखवण्यापुरताच होता. आजींनी त्यांचा हात घट्ट धरला, इतका की सिस्टरला एकेक बोट सोडवावं लागलं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सिस्टरने चादर बाजूला केली.

"नीट आहे ना?" आजोबांनी विचारलं. "पुसट झाली होती. तिने गिरवलीय. ती आहे म्हणून, सिस्टर, नाहीतर माझं काही खरं नव्हतं."

सिस्टरने वाकून पाहिलं. कालचं वर्तुळ जसंच्या तसं होतं, काळंभोर. त्याच्या खाली वीतभर अंतरावर, मांडीच्या घडीपाशी, दुसरं ताजं वर्तुळ होतं. अर्धं कातडीवर, अर्धं खाली सरकलेल्या पायजम्याच्या पट्ट्यावर.

तिने मागे वळून पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला आजी चष्मा छातीशी धरून उभ्या होत्या आणि हसत हसत हात हलवत होत्या, विरुद्ध बाजूच्या लिफ्टच्या बंद दाराकडे.