आसारामची हाळी

घशाच्या ऑपरेशनात आसारामचा आवाज गेला, पण त्याच्या हाळीवाचून शेळ्या माळावरून उतरतच नसत. म्हणून त्याची आधी रेकॉर्ड केलेली हाळी नातू गहिनीनाथ रोज सांजेला लॅपटॉपवरून ब्लूटूथच्या मोठ्या स्पीकरवर लावायचा.

काल रात्री त्यानं लॅपटॉपवर नवी सिस्टीम टाकली आणि जुनं ब्लूटूथ तिला दिसेचना. मोबाईल चकलांब्याला दुरुस्तीत पडलेला. ड्रायव्हर तीनदा टाकून झाला, तीनदा काढून झाला. दिवस कलला, तरी शेळ्या माळावरच.

"लई डोकं खाल्लं बे तू!" गहिनीनाथ लॅपटॉपवर खेकसला. पेचकस घेऊन त्यानं मागचं झाकण उघडलं, ब्लूटूथचं कार्ड उपटलं आणि तळहातावर घेतलं. "आता बोल!"

तेवढ्यात हाळी आली.

स्पीकर त्याच्या मांडीशी बंद पडलेला होता. हाळी आसारामच्याच आवाजात, माळाच्या पलीकडून येत होती. शेळ्यांनी माना उचलल्या आणि घराकडं पाठ करून त्या पलीकडं उतरू लागल्या.

"आबा, ऐकलं का तुमी?" त्यानं ओट्यावर बसलेल्या आसारामला विचारलं.

आसारामनं घोंगडी खांद्यावर टाकली, काठी उचलली आणि वळूनही न बघता तो शेळ्यांच्या मागं चालू लागला.